छावणीतून आलेली पत्रे : सुभेदार मल्हारराव होळकर

मल्हारराव होळकरांचे चरित्र म्हणजे लढायांची यादी, अशी आपल्याकडे एक समजूत होऊन बसली आहे. पालखेड, भोपाळ, वसई, कुंभेर, पानिपत ही नावे ओळीने म्हटली की सुभेदारांचे चरित्र सांगून झाले, असे आपण मानतो. मीही अनेक वर्षे वर्गात ते तसेच शिकवीत आलो. ह्या अंकासाठी संपादकांनी एखाद्या ऐतिहासिक पुरुषावर लिहावयास सांगितले तेव्हा मात्र मी ठरविले की, ह्या वेळी मल्हाररावांकडे रणांगणावरून न पाहता घरच्या उंबरठ्यावरून पाहावे. आयुष्यातली चाळीसहून अधिक वर्षे जो माणूस घोड्यावर राहिला, त्याचे घर कोण चालवीत होते? आणि त्या घराशी तो बोलत होता तो कशाच्या आधाराने? उत्तर एकच आहे : पत्रांच्या.

मल्हाररावांचा जन्म १६ मार्च १६९३ चा. नीरा नदीच्या काठचे होळ हे त्यांचे गाव. त्यावरूनच होळकर हे आडनाव आले. वडील खंडोजी लवकर वारले आणि आई लहानग्या मल्हारीला घेऊन खानदेशात तळोद्याला आपल्या भावाकडे, भोजराज बारगळांकडे गेली. मामा कदम बांड्यांच्या पदरी घोडदळ बाळगून होते. मेंढरे राखणाऱ्या पोराच्या तोंडावर नागाने फणा धरल्याची कथा आपण सर्वांनी बालपणी ऐकली आहे; थोर पुरुषांच्या बालपणी नाग नेमका वेळेवर कसा येतो हे एक कोडेच आहे. नाग आला असो वा नसो, मामाने भाच्याचे पाणी ओळखले एवढे खरे. त्याला घोड्यावर बसविले आणि पुढे आपली मुलगी गौतमाबाई त्याला दिली.

ह्या गौतमाबाईंविषयी आपल्या पाठ्यपुस्तकांत एक ओळही नसते. वस्तुतः होळकरांच्या दौलतीची अर्धी मांडणी त्यांच्यामुळे झाली. थोरल्या बाजीरावांनी १७३४ साली होळकरांना खासगीची सनद दिली ती गौतमाबाईंच्या नावे. दौलत म्हणजे फौजेच्या खर्चासाठी लावून दिलेला मुलूख. त्याचा हिशेब पेशव्यांना द्यावयाचा. खासगी म्हणजे घरच्या बाईच्या हातचे उत्पन्न. वर्षाला सुमारे तीन लाखांचे हे उत्पन्न सरदाराच्या बायकोच्या ताब्यात आणि हिशेबही तिचाच. नवरा मोहिमेवर पडला, फौज बुडाली, दौलत जप्त झाली, तरी घर उघडे पडू नये, ही त्यामागची दृष्टी असावी असे मला वाटते. शिपाईगड्याच्या बायकोला पेन्शन मिळण्याच्या कितीतरी आधी ही सोय झाली होती. वेरूळच्या घृष्णेश्वराच्या जीर्णोद्धाराशी गौतमाबाईंचे व पुढे त्यांच्या सुनेचे, अशी दोघींची नावे जोडलेली आहेत. आपल्या जिल्ह्यातून वेरूळला जाणारे हजारो लोक सुनेचे नाव घेतात, सासूचे घेत नाहीत, म्हणून मुद्दाम सांगितले.

आपल्या भागाचा आणि होळकरांचा संबंध तेवढ्यावरच संपत नाही. शेंद्र्याहून जालन्याकडे आणि तेथून खाली गेले की अंबड लागते. तो महाल होळकरांकडे होता. १८१८ च्या मंदसोरच्या तहात अंबड आणि वेरूळ त्यांच्या हातून गेले. त्याही मागे जायचे तर ज्या लढाईने मल्हाररावांचे नाव झाले ती पालखेडची लढाई वैजापूर तालुक्यातली. २८ फेब्रुवारी १७२८ ला बाजीरावांनी निजामुल्मुल्काला तेथे असे कोंडले की त्याच्या फौजेला दाणा मिळेना आणि पाणीही मिळेना. निजामाची रसद तोडण्याच्या कामात मल्हाररावांचा वाटा मोठा होता. आठवडाभरात निजामाला मुंगी-शेवगावचा तह करावा लागला. तोफा मागे ठेवून, हलक्या घोड्यांनी शत्रूला दमवावयाचे आणि उपाशी मारावयाचे, हा मल्हाररावांचा पहिला धडा. तो ते आयुष्यभर विसरले नाहीत. पुढे ह्या धड्याची एक गंमत झाली, ती यथाक्रम येईलच.

पालखेडनंतर माळव्यात त्यांचा जम बसत गेला. इंदूर हे ठाणे झाले. मुलगा खंडेराव ह्याचे लग्न १७३३ च्या सुमारास चौंडीच्या माणकोजी शिंद्यांच्या मुलीशी झाले. मुलगी तेव्हा आठ वर्षांची होती. तिचे नाव अहिल्या. घरात सासू-सून आणि सासरे-नवरे बाहेर, असा हा संसार. १७३७ त दिल्लीच्या वेशीपर्यंत दौड, १७३८ त भोपाळ, १७३९ त चिमाजीअप्पांच्या मदतीला वसई, नंतर जयपूरच्या गादीचे तंटे, पुढे रोहिल्यांवर स्वारी. दसऱ्याला निघावे आणि मृगापूर्वी परतावे हा दक्षिणेतल्या फौजांचा जुना रिवाज. उत्तरेत तो मोडला. पावसाळाही तिकडेच काढावा लागे. आपण आज छावणी हा शब्द औरंगाबादच्या लष्करी वस्तीसाठी वापरतो. त्या काळी फौजेचा पावसाळी मुक्काम म्हणजे छावणी. वर्षानुवर्षे माणूस छावणीत राहिला की घर त्याच्यापुरते कागदावर उरते.

ते कागद कसे असत हे विद्यार्थ्यांनी जरा डोळ्यांपुढे आणावे. सरदार सांगे आणि कारकून बोरूने मोडीत लिही. शाई वाळावी म्हणून वर वाळू टाकीत. कागदाची घडी करून मोहोर केली की तो जासुदाच्या हाती जाई. जासूद बहुधा जोडीने पायी निघत. तातडीचे काम असले तर सांडणीस्वार. वाटेत नर्मदा, चंबळ, नद्यांना पूर, घाटात भिल्लांची चौकी आणि शत्रूचे हेर. पोचायला किती दिवस लागतील हे ईश्वराधीन. पानिपतची बातमी नानासाहेब पेशव्यांना भेलशाजवळ कळली तीही सरकारी जासुदाकडून नव्हे, तर एका सावकाराच्या पत्रातून; त्यात माणसांची जागा मोत्यांनी आणि मोहरांनी घेतली होती. पत्र मुक्कामी पोचले म्हणजे तिकडचा कारकून ते वाचून दाखवी. म्हणजे लिहिणारा परका आणि वाचणारा परका. मध्ये कोणी पकडले तर तोही वाचणारच. अशा पत्रात मनातले कोण लिहील? म्हणून ह्या पत्रांत घोडे, दाणा, तोफा, हुंड्या, जमाबंदी, कौलनामे हे सर्व असते. प्रेमाचा शब्द शोधू गेल्यास सापडत नाही.

मला ह्याचे नवल वाटले नाही, त्याला कारण आहे. १९७१ च्या युद्धात मी शेंद्र्याच्या शाळेत शिकत होतो. शेजारच्या काकूंचे यजमान पलटणीत होते. काकूंना अक्षरओळख नव्हती, त्यामुळे पोस्टमनने टाकलेले पत्र वाचून दाखवायचे काम माझ्याकडे आले. पत्रावर गावाचे नाव नसे, नुसता पलटणीच्या पोस्टाचा आकडा असे. आत काय तर सोसायटीचा हप्ता भरला का, बैलाचा खूर बरा झाला का, विहिरीचे पाणी कुठवर आले, मंगीरबाबाच्या यात्रेपर्यंत येणे होईलसे वाटत नाही, थोरल्याला शाळेतून काढू नये. मी वाचून थांबलो की काकू कागद हातात घेऊन उलटसुलट करीत आणि आणखी काही लिहिले आहे का, असे विचारीत. नाही म्हटले की गप्प होत. मग उत्तर लिहायचे. तेही बैल, विहीर आणि हप्ता. दहा वर्षांच्या पोराला सांगून बाईमाणूस दुसरे काय लिहविणार? बैलाच्या खुराची चौकशी हीच त्या पत्रातली मायेची ओळ होती हे मला पुष्कळ वर्षांनी, होळकरांची छापील पत्रे वाचताना, उमगले.

पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये गेलेल्या आपल्या शिपायांची पत्रे इंग्रज अधिकारी उघडून वाचीत, त्यांतले उतारे काढून ठेवीत. तेथेही लिहिणारा एक, वाचणारे तीन, असाच प्रकार. शिपायाच्या पत्राला एकांत नसतो. मल्हारराव मोठे सरदार होते, पण ह्या बाबतीत त्यांची गत आमच्या काकूंच्या यजमानांहून निराळी नव्हती.

आता चरित्राकडे वळू. १७५४ च्या आरंभी रघुनाथरावांबरोबर मराठी फौजा जाट राजा सूरजमल ह्याच्या कुंभेरच्या किल्ल्याला वेढा घालून बसल्या. खंडणीच्या रकमेवरून सुरू झालेले हे प्रकरण. मार्च महिन्यात मोर्चे पाहत असता किल्ल्यावरून आलेला गोळा लागून खंडेराव ठार झाला. मल्हारराव साठी ओलांडलेले. एकुलता एक मुलगा डोळ्यांदेखत गेला. किल्ला जमीनदोस्त करून त्याची माती यमुनेत टाकीन, अशी प्रतिज्ञा त्यांनी केली असे सांगतात. प्रतिज्ञा पुरी झाली नाही. सूरजमलाच्या राणीने जयाप्पा शिंद्यांकडे संधान बांधले, वेढा उठला आणि होळकर-शिंद्यांच्या मनात जी अढी बसली तिची किंमत पुढे साऱ्या मराठशाहीने मोजली.

खंडेरावाच्या इतर स्त्रिया सती गेल्या. अहिल्याबाईही निघाल्या होत्या. वय अठ्ठावीस, पदरी मालेराव आणि मुक्ताबाई अशी दोन मुले. त्या वेळी ह्या दांडग्या, रागीट, लढाईखेरीज दुसरे काही न जाणणाऱ्या म्हाताऱ्याने सुनेपुढे पदर पसरला. मुलगा गेला, आता तूच माझा मुलगा, तू गेलीस तर मी कोणाच्या तोंडाकडे पाहू, अशा आशयाची त्यांची विनवणी परंपरेने सांगितली जाते. रूढी सांभाळण्याचा तो काळ, भोवती शास्त्री-पंडित, आणि सरदारघराण्याची अब्रू पणाला लागलेली. मल्हाररावांनी जिंकलेल्या सर्व लढाया एका पारड्यात टाकल्या तरी हा एक प्रसंग मला जड वाटतो. कारण ह्यापुढे जे घडले ते सर्व त्या एका नकारावर उभे आहे.

ह्यापुढे घरी जाणाऱ्या पत्रांचा धनी बदलला. वसुली कुठवर आली, कोणत्या कमाविसदाराचा हिशेब तुंबला, कोणाला कौल द्यावा, कोणाला दटवावे, हे सर्व सुनेकडे जाऊ लागले. गौतमाबाई होत्याच, त्यांच्या हाताखाली खासगीचा हिशेब अहिल्याबाई शिकलेल्या होत्या. सासऱ्याने त्यात फौजेचा धडा घातला. मुलाला शिकवावयाचे ते विधवा सुनेला, आणि तेही बरेचसे पत्राने. आपल्या विद्यापीठांनी बहिःशाल आणि पत्रद्वारा अभ्यासक्रम पुष्कळ नंतर काढले.

पानिपताविषयी लिहिल्यावाचून मल्हाररावांचे चरित्र पुरे होत नाही, आणि तेथे त्यांच्याविषयी दोन शब्द कडू लिहिणे भाग आहे. नजीबखान रोहिला हातात सापडलेला असता मल्हाररावांनी त्याला पाठीशी घातले. त्यांचे समर्थक ह्याची कारणे देतात. मला ती पटत नाहीत. अब्दालीला हिंदुस्थानात आणून मराठ्यांविरुद्ध उभा करण्यात ह्याच नजीबाचा हात मोठा होता. दुसरी गोष्ट, १४ जानेवारी १७६१ च्या दुपारी लढाई बिघडली तेव्हा मल्हारराव आपले लोक घेऊन बाहेर पडले. त्यांना पळपुटे म्हणणे सोपे आहे. परंतु मोहिमेच्या आरंभीच त्यांनी सांगितले होते की बायकामुले आणि जड सामान चंबळेअलीकडे ठेवावे, भारी तोफांच्या भरवशावर एका जागी बसू नये, शत्रूला हिंडवून उपाशी मारावे. पालखेडचाच तो धडा. सदाशिवरावभाऊंचा विश्वास इब्राहिमखान गारद्याच्या तोफखान्यावर होता. बखरकारांनी हा वाद बराच रंगविला आहे, पण मूळ मतभेद खरा. सल्ला मानला असता तर काय झाले असते ह्यावर परीक्षेत प्रश्न येतो; उत्तर कोणालाच देता येत नाही. मात्र मल्हारराव त्या दिवशी तेथेच पडले असते तर माळवा राखावयास त्या वर्षी कोण होते, हाही प्रश्न विचारला पाहिजे.

ते वर्ष फार वाईट गेले. जूनमध्ये नानासाहेब पेशवे वारले. सप्टेंबरमध्ये गौतमाबाई गेल्या. नोव्हेंबरमध्ये मल्हारराव पुन्हा घोड्यावर, जयपूरकर माधोसिंगाच्या फौजेशी मांगरोळला लढत होते. अडुसष्ट वर्षांचे वय. त्या लढाईत ते जखमी झाले, पण जिंकले. राजस्थानात मराठ्यांचे नाव राहिले ते त्या दिवसामुळे. बायकोसाठी रडावयाला त्यांना किती दिवस मिळाले असतील ते तारखांवरून आपणच मोजावे. १७६३ त ते पुन्हा आपल्याकडे, दक्षिणेत आले. माधवराव पेशव्यांची निजामअलीशी गाठ पडली, ऑगस्टमध्ये गोदाकाठी राक्षसभुवनला निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर मारला गेला, आणि मल्हारराव परत उत्तरेत गेले.

आणि आता ती गंमत. १७६५ साली मल्हारराव बहात्तर वर्षांचे होते. शुजाउद्दौल्याच्या बाजूने इंग्रजांशी लढताना ३ मे रोजी कोऱ्याजवळ इंग्रजी तोफांपुढे त्यांच्या घोडदळाचे काही चालले नाही. त्याच वर्षीचे त्यांचे एक पत्र अहिल्याबाईंना आहे. ते वाचताना ही कोणा घरी बसलेल्या सुनेची चौकशी नव्हे हे पहिल्या ओळीपासून कळते. चंबळ उतरून ग्वाल्हेरीस जावे, तेथे चार-पाच दिवस मुक्काम करावा, मोठा तोफखाना आपल्याजवळ राखावा, त्याच्या दारूगोळ्याची होईल तितकी तरतूद करावी, आणि मार्गावर रखवालीसाठी चौक्या बसवीत जावे, असा त्यातला मजकूर आहे.

वाचकांनी क्षणभर विचार करावा. भारी तोफा बैल ओढतात. तोफ मोठी तितके बैल अधिक, बैल अधिक तितका चारा अधिक. दारू भिजू द्यायची नाही. नदी उतरताना चाके रुततात. चौक्या बसविल्या नाहीत तर रसद लुटली जाते आणि जासूदही मारला जातो. हे काम कसलेल्या सरदारांची तारांबळ उडविणारे आहे. ज्या म्हाताऱ्याने आयुष्यभर हलक्या घोड्यांची लढाई केली, पानिपतावर भारी तोफांना विरोध केला, त्याने अखेरीस तोफांचे महत्त्व ओळखले. आणि तोफखाना दिला तो चाळीस वर्षांच्या सुनेच्या हाती! पत्रात कौतुकाचा शब्द नाही. जमेल का, अशी विचारणाही नाही. इतक्या निःशंकपणे काम सांगणे हाच त्या पत्रातला बैलाचा खूर आहे, असे मी समजतो.

अशी पत्रे मिळणाऱ्या बाईला सुखी म्हणावे काय, हा प्रश्न एका विद्यार्थिनीने मला तासाला विचारला होता. नवरा तोफेच्या गोळ्याने गेला, आणि सासरा तोफा सांभाळ म्हणून लिहितो. मी तिला उत्तर दिले नाही. बाईंच्या मनात काय होते ते कागदावर उतरलेले नाही. जे त्यांनी केले ते मात्र उतरले आहे.

२० मे १७६६ ला आलमपूर येथे, आजच्या मध्य प्रदेशातील भिंड जिल्ह्यात, छावणीतच मल्हाररावांचा अंत झाला. होळला जन्मलेला माणूस दूर उत्तरेत संपला. अहिल्याबाईंनी तेथे त्यांची छत्री बांधली. नातू मालेराव गादीवर आला आणि वर्षभराच्या आतच, १७६७ त, तोही गेला. सासू नाही, नवरा नाही, सासरा नाही, मुलगा नाही. दौलतीचे दिवाण गंगाधर यशवंत चंद्रचूड ह्यांनी दत्तक घेण्याची योजना पुढे केली. बाईंनी ती नाकारताच त्यांनी रघुनाथरावांना बोलावले. राघोबादादा फौजेसह माळव्यात उतरले.

अशा वेळी बाईंनी काय केले? त्या पत्रे लिहावयास बसल्या. शिंद्यांना, गायकवाडांना, नागपूरकर भोसल्यांना मदतीसाठी. पुण्यास माधवराव पेशव्यांना न्यायासाठी. तुकोजी होळकरांना फौज घेऊन येण्यासाठी. आणि एक खुद्द दादासाहेबांना. त्यातला आशय सर्वश्रुत आहे : बायकांशी लढून जिंकलात तर कीर्ती नाही, हरलात तर तोंड दाखवावयास जागा नाही. माधवरावांचा कौल बाईंच्या बाजूने आला. दादासाहेबांनी कळविले की आपण मालेरावाच्या दुखवट्यासाठी आलो आहो. मग इतकी फौज कशाला, असा उलट प्रश्न गेला. आणि परंपरा सांगते की, दादा पालखीतून थोड्या माणसांनिशी इंदुरास आले. गोळी न झाडता ही मोहीम संपली. बारा वर्षे सासऱ्याची पत्रे वाचून आणि त्याबरहुकूम कामे करून बाई जे शिकल्या, त्याची ही परीक्षा होती.

फौजेचे काम तुकोजींकडे आणि मुलखाचे बाईंकडे अशी वाटणी झाली. तुकोजी वयाने थोडे मोठे असूनही त्यांना मातुश्री म्हणत. ते मोहिमेवरून खर्चाला पैसे मागत. बाई आधी मागचा हिशेब मागत. त्यावरून खटके उडत, रुसवे होत, वर्षभराची वसुली वाटेतच खर्च झाली म्हणून कडक पत्रे जात. तुकोजी छावणीत, बाई महेश्वरात आणि मधल्या वाटेवर जासुदाची जोडी, हे पुढे अठ्ठावीस वर्षे, १३ ऑगस्ट १७९५ ला बाईंनी डोळे मिटेपर्यंत चालू राहिले.